स्वस्त डबा, महाग गेम

मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाची बोंब दिसली तर मला नाही, संपादकांना धरा!

सध्या आमच्या हॉस्टेलवर एकच वाद चालू आहे. कॉन्ट्री काढून प्लेस्टेशन घ्यायचं की पीसी असेंबल करायचा? प्लेस्टेशनवाल्यांचं म्हणणं, एवढ्या पैशात तसला पीसी होतच नाही. आता हे खोटं नाही. एएमडीचा आठ कोअरचा रायझन ७ ३७००एक्स २०१९ मध्ये ३२९ डॉलरला आला. नुसता प्रोसेसर हं! २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये त्याच झेन २ जातीचे आठ कोअर (कॅश कमी, मान्य), वर ग्राफिक्स, १६ जीबी मेमरी, एसएसडी, कंट्रोलर, आणि सगळं मिळून ४९९ डॉलर.

मग कंपनीला परवडतं कसं? सुरुवातीला परवडत नाहीच. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आला तेव्हा आयसप्लाय या संस्थेने तो खोलून हिशोब मांडला होता. ६० जीबीच्या मॉडेलचा खर्च सुमारे ८४० डॉलर, किंमत ५९९! ही खोट नंतर प्रत्येक गेममागच्या रॉयल्टीतून वसूल होते. एएमडी किंवा इंटेलला ही सोय नाही. तुम्ही प्रोसेसर घेतला, की त्यावर गेम खेळा नाहीतर सी प्लस प्लस चालवा, त्यांना पुढे दमडी मिळत नाही. म्हणून डिझाइनपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांचा वाटा त्या एका चिपच्या किमतीत बसतो.

लॅमिंग्टन रोडला (पनवेलहून कुर्ला, दादर अशा दोन गाड्या बदलून, घामाघूम!) एका दुकानदाराने हेच दोन वाक्यांत सांगितलं, "ताई, कन्सोलवर आमाला काय सुटत नाय. गेम कुठले घेणार ते बोला." आमची चार वर्षं इकॉनॉमिक्सच्या एका पेपरवर निघतात!

माझं म्हणणं एवढंच, की कन्सोल स्वस्त नाही, तो हप्त्यावर आहे. २०२१ मध्ये आपल्याकडे प्लेस्टेशन ५ ४९,९९० ला आला आणि त्याचे नवे मोठे गेम ४,९९९ ला. दहा गेम घेतले की दुसरा डबा आला असता. शिवाय त्यावर प्रोजेक्ट होत नाही. प्लेस्टेशन ३ वर पूर्वी लिनक्स टाकता यायचं. एप्रिल २०१० च्या अपडेटने ती सोय काढून टाकली. कारण सुरक्षेचं दिलं, पण नुसतं लिनक्स चालवणारा गेम कुठे विकत घेतो?

तरीही ज्यांना फक्त खेळायचंच आहे त्यांनी खुशाल घ्या, पण डिस्कवाला घ्या. डिजिटल मॉडेलची किंमत ३९,९९० ठेवली होती, म्हणजे दहा हजार कमी. बाबांना फोनवर सांगायला बरं वाटतं, पण मग गेम फक्त त्यांच्याच स्टोअरमधून, त्यांच्याच भावाने. सेकंडहँड नाही, उसना नाही. डिस्क असली तर शनिवारी आमच्या रूममध्ये, रविवारी समोरच्या. आमच्या मजल्यावर मॅथ्स-थ्रीचं एकच पुस्तक अकरा जणींत फिरतं, तसंच.

माझी स्वतःची कॉन्ट्री मात्र पीसीलाच.