चेकआउटनंतरचा कडता

ओटीपीला शिव्या घालणं हा आपल्या पिढीचा आवडता छंद आहे. तिकीट बुक करताना नेमकं नेटवर्क जातं, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो, आणि मेसेज येतो तो टायमर संपल्यावर. मीही घालतो. सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे जरा जास्तच तांत्रिक शिव्या घालतो. पण माझ्या रूममेटचं प्रकरण जवळून बघितल्यापासून मी या विषयावर जरा वेगळा विचार करायला लागलोय.

हा रूममेट अकोल्याचा. कंपनीने तीन आठवड्यांसाठी युरोपात ऑनसाइट पाठवला होता. हॉटेलात चेकइन करताना रिसेप्शनवर कार्ड मागितलं, मशीनला लावलं, एक छापील कागद पुढे सरकवला, याने सही केली. सगळेच करतात. चेकआउटला बिल चुकतं केलं, पावती घेतली, घरी आला. परत आल्यावर एकोणिसाव्या दिवशी बँकेचा मेसेज, २०० युरो गेले. हॉटेलला मेल टाकला तर उत्तर आलं, खोलीत सिगारेटचा वास आला होता, सबब दंड. आमचा हा गडी बडीशेपसुद्धा मोजून खातो, सिगारेट लांबच राहिली. त्याचा पहिला प्रश्न दंडाबद्दल नव्हताच. "अबे, पण ओटीपी काहून नाही आला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून आधी हे सगळं चालतं कसं ते सांगतो.

कार्डाचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. आधी बँकेकडून होकार घेतला जातो आणि रक्कम अडवून ठेवली जाते, नंतर ती प्रत्यक्ष उचलली जाते. दुकानात हे दोन्ही एकदमच होतं म्हणून आपल्याला कळत नाही. हॉटेलात मात्र चेकइनला रक्कम अडवतात आणि जाताना शेवटचं बिल उचलतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पाहुणा गेल्यावर सापडलेली थकबाकी. मिनीबारमधली बाटली, राहून गेलेलं जेवणाचं बिल वगैरे. कार्ड कंपन्यांच्या नियमांत त्याला जागा आहे. व्हिसाच्या नियमांत तर चेकआउटनंतर ९० दिवसांपर्यंत. अट अशी की पाहुण्याने आधी तशी मान्यता दिलेली हवी. आणि ती मान्यता म्हणजे काय? तर रिसेप्शनवर पुढे सरकवलेला तो बारीक अक्षरांतला कागद!

म्हणजे परवानगी घेतलेली असते बरं का. फक्त कशासाठी आणि किती, हे रकाने रिकामे असतात. कोऱ्या चेकवर सही, दुसरं काय.

आता आपल्याकडचं बघा. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी ओळखतपासणी सक्तीची केली. उबरने भारतात आल्यावर परदेशातल्या बँकेमार्फत पैसे घेऊन हा नियम टाळून बघितला, तर ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती पळवाट बंद केली. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या व्यापाऱ्यांना ऑनलाइन व्यवहारातले कार्ड नंबर साठवून ठेवायलाच मनाई आहे, त्याजागी टोकन. त्यामुळे इथल्या हॉटेलवाल्याने पंधरा दिवसांनी ऑनलाइन पैसे उचलायचं ठरवलं तर तुमच्या फोनवर कुणीतरी विचारतं, "देऊ का?" हीच परवानगी. रकमेसकट, कारणासकट, त्या क्षणाला विचारलेली. परदेशी व्यापाऱ्याला हे बंधन नव्हतं. सप्टेंबर २०२५ च्या नियमांत रिझर्व्ह बँकेने त्यासाठीही १ ऑक्टोबर २०२६ ही तारीख घातली, पण ती तपासणी समोरच्या परदेशी व्यापाऱ्याने किंवा त्याच्या बँकेने मागितली तरच. म्हणजे दार बसवलंय, पण कडी बाहेरून आहे.

विचारायची गरज नसली की माणूस कुठवर जातो बघा. २०१४ मध्ये इंग्लंडात ब्लॅकपूल इथल्या ब्रॉडवे हॉटेलने एका जोडप्याच्या कार्डावरून १०० पौंड उचलले. कारण? त्यांनी ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर हॉटेलची निंदा केली. खोलीचं भाडं होतं ३६ पौंड! बुकिंगच्या कागदावर तशी अट छापलेली होती म्हणे. बोभाटा झाल्यावर पैसे परत मिळाले. २०२५ चं उदाहरण तर आपल्या धंद्याशी नातं सांगणारं आहे. एअरबीएनबीवरून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये राहिलेल्या लंडनच्या एका बाईंवर घरमालकाने १२ हजार पौंडांहून जास्त नुकसानीचा दावा लावला. पुराव्यादाखल तडा गेलेल्या कॉफी टेबलाचे फोटो. दोन फोटोंत तडा वेगवेगळा! फोटो एआयने फिरवलेले आहेत असं त्या बाईंचं म्हणणं. कंपनीने आधी मालकाचं ऐकून पाच हजारांवर पौंड भरायला सांगितले. गार्डियन वृत्तपत्राने लक्ष घातल्यावर तो निर्णय फिरला आणि राहण्याचे पैसेही परत मिळाले. पण प्रत्येकाच्या मागे गार्डियन कुठून उभा राहणार?

"बरं, भारतात ओटीपी आहे, मग आपण सुटलो," असं कुणाला वाटत असेल तर थांबा. आपल्याकडे हाच खेळ उलट्या बाजूने खेळतात. नंतर उचलता येत नाही ना, मग आधीच घेऊन ठेवा.

दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही अमरावतीचे चार मित्र चिखलदऱ्याला गेलो होतो. राहण्याच्या भाड्यावर दोन हजार डिपॉझिट, यूपीआयने, पिन आम्हीच टाकलेला. निघताना मालक जागेवर नाही. पोऱ्या म्हणाला, मालक आले की पाठवतीन. घाट उतरून परतवाड्याला चहाला थांबलो तेव्हा फोन आला. "चादर खराब करून टाकली तुमी. दीड हजार कापले, पाचशे टाकतो." आमचा मित्र म्हणाला, "भाऊ, तो डाग आम्ही आलो तवाच होता ना!" पलीकडून उत्तर, "मंग तवाच सांगाव लागत होतं."

या उत्तराला तोड नाही. आणि दीड हजारासाठी पुन्हा घाट कोण चढणार? रक्कम नेहमी अशीच असते, राग येईल एवढी, पण भांडायला परवडणार नाही एवढी. पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांना तर हे पाठच आहे. फ्लॅट सोडताना 'पेंटिंगचे' म्हणून एक महिन्याचं भाडं जातं, मग भिंतीला हात लागलेला असो वा नसो.

हे सगळं ऐकून माझे वडील एकाच शब्दात मोकळे झाले. "कडता!" ज्यांच्या घरी कधी कापूस विकला गेलाय त्यांना वेगळं सांगायला नको. बाजारात बोली होते, भाव ठरतो. मग गाडी जिनिंगवर जाते, अर्धी रिकामी होते आणि तेव्हा व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो, माल ओला आहे, कवडी आहे, क्विंटलमागे इतके किलो कापावे लागतील. कापूस पुन्हा गाडीत भरून कोण नेणार? शेतकरी मान डोलावतो. कापणं प्रत्येक वेळी खोटंच असतं असं नाही, माल ओला असूही शकतो. पण ते कधी सांगितलं जातं, ते बघा. सौदा मोडायची सोय संपल्यावर.

अशा लुबाडणुकीवर उपाय शोधायची सुरुवातही आपल्याच वऱ्हाडात झाली, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. देशातला पहिला नियमित कापूस बाजार १८८६ मध्ये कारंज्याचा, आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा लाडचा. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. बाजारावर समिती, दलाल आणि मापाडी यांना परवाने. कडता त्याने संपला असं मुळीच नाही, तंटे आजही होतात. पण एक गोष्ट कबूल झाली की माल ज्याच्या हातात गेला, त्यालाच वजन आणि भाव ठरवू देता कामा नये.

माझं म्हणणं एवढंच आहे. नुकसानभरपाई मागण्याला माझा विरोध नाही. तीन खोल्यांचं होमस्टे चालवणाऱ्याचंही ऐकायला पाहिजे. लोक टॉवेल पळवतात, गाद्या जाळतात, रात्री दोनला दारू पिऊन टीव्ही फोडतात आणि सकाळी साळसूदपणे निघून जातात. त्याने काय करावं? जरूर मागावेत पैसे. पण मागावेत, घेऊ नयेत. फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच आणि तिजोरीची किल्लीही त्याच्याच खिशात, हे चालणार नाही. कशाचे किती लागतील हे आधी लिहून द्यावं, निघताना दोघांनी मिळून खोली बघावी, आणि नंतर काही सापडलंच तर फोटो पाठवून विचारावं. वाद असेल तर तो मिटेपर्यंत रक्कम तिसऱ्याकडे राहावी. बुकिंगवाल्या कंपन्या आपल्याकडून कमिशन घेतातच, एवढं काम त्यांनी करायला काय हरकत आहे? कोडच्या हिशेबाने हा एका स्प्रिंटचा मामला आहे.

कायदा आपल्या बाजूने वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अवाच्या सवा डिपॉझिट आणि नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड, या दोन्ही अटी अन्याय्य कराराच्या व्याख्येत बसतात. शिवाय तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. हॉटेल गोव्याचं असलं तरी अकोल्याच्या माणसाला पणजी गाठायची गरज नाही, आणि मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्कही नाही. त्याआधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच. कार्डावरून न विचारता पैसे गेले तर लगेच बँकेला कळवणं फार महत्त्वाचं. आणि परदेशातून परत आलात की बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद करा. खोलीत शिरताना आणि निघताना दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. बायको-मित्र हसतील, हसू द्या.

रूममेटने बँकेत वाद नोंदवला. बँकेने हॉटेलकडे पुरावा मागितला, तर हॉटेलने पाठवला तोच सही केलेला कागद. ना फोटो, ना सिगारेटचं थोटूक. दोन महिन्यांनी २०० युरो परत आले. त्यात त्याचे सात-आठ मेल, तीन फॉर्म आणि बरीचशी झोप गेली. हॉटेलचं काय गेलं? काहीच नाही. न विचारता घेणाऱ्याला फुकट आणि परत मागणाऱ्याला महाग, हे गणित जोवर उलटं होत नाही तोवर कडता चालूच राहणार. बाजार बदलेल, तराजू बदलेल, एवढंच.