होडी लहान, खर्च महान

बचतीचा सल्ला देणाऱ्या माणसाला स्वतःचा काही उद्योग नसावा, असा माझा जुना संशय आहे. सध्या ही मंडळी हर्णै बंदरापर्यंत पोचली आहेत. आमच्या काउंटरवर येणाऱ्या एका नाखवांना त्यांनी गाठलंय. ‘डिझेल परवडत नाही ना? मग ती 36 फुटी होडी विका, 16 फुटी फायबरची घ्या, मागे पेट्रोलचं मशीन लावा, की झालं!’

झालं काय? कपाळ!

मी बी.कॉम. भौतिकशास्त्राशी माझा संबंध जिना चढताना येतो तेवढाच. पण पाणी कापत जाणाऱ्या होडीची पाण्यातली लांबी जितकी जास्त, तितका तिला सुखानं झेपणारा वेग जास्त, हे मलाही समजतं. 36 फुटांना साधारण 8 नॉट, 16 फुटांना साडेपाचच्या आसपास. त्यापुढे दामटलीत तर बिचारी स्वतःच उठवलेल्या लाटेचा घाट चढत बसते. ती पाण्यावर उचलली जाऊन पळावी म्हणाल, तर मशीन दणकट हवं आणि ओझं कमी. म्हणजे जाळी, बर्फ आणि 6 खलाशी घरी ठेवायचे! शिवाय तितक्याच ताकदीला पेट्रोलचं मशीन डिझेल इंजिनापेक्षा जास्त इंधन पितं. आणि मच्छीमार संस्थेमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो (उशिरा का होईना), तो पेट्रोलवर मागायला जाणार कुठे?

आता माझा प्रांत. जुन्या होडीचं कर्ज फिटलंय. ती पडेल भावात विकायची आणि नव्या होडीसाठी नवं कर्ज काढायचं. इंजिन निदान बंद केलं की पिणं थांबवतं. व्याज 1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंद असताना, होडी झापांखाली शाकारलेली असतानाही पीतच असतं!

त्यापेक्षा 8 नॉटांऐवजी 6 नॉटांनी चला. तेवढ्याच अंतराला डिझेल जवळजवळ निम्मं लागतं. 2008 च्या तेलभडक्यानंतर कंटेनरवाल्या अजस्र जहाजांनी हेच केलं. जहाजं विकून कोणी पडाव घेतले नाहीत, चाल मंदावली. बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि शंखशिंपले खरवडा, तिथेही डिझेल वाचेल.

‘पण भाऊसाहेब, लिलाव चुकंल ना,’ नाखवा म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. हर्णैच्या पुळणीवर भाव थांबत नाही. मी पासबुकाच्या मागं आकडेमोड केली. 20 सागरी मैलांना 8 नॉटांनी अडीच तास, 6 नॉटांनी 3 तास 20 मिनिटं. म्हणजे जाळं 50 मिनिटं आधी ओढायचं, एवढंच.

सल्लागारांना मात्र एकदा त्या 16 फुटीत बसवावं. मांडीवर बर्फाची पेटी द्यावी, आणि भर समुद्रात वारा फिरल्यावर विचारावं, ‘काय, किती वाचलं?’