बिनहाडाचे

दिवाळी अंकात हा विषय नको, असे मला घरातून बजावण्यात आले होते. "वर्षभर लिहिता तेवढं पुरे नाही का? लोकांच्या हातात चकली असायची आणि तुम्ही त्यांना कोंबडीचं पिंप दाखवायचं!" संपादकांनीही "काहीतरी खुसखुशीत" असेच मागितले होते. परंतु डोक्यात एक गोष्ट घोळत असताना दुसरीवर लिहिणे मला जमत नाही, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा ज्यांचा फराळ चालू असेल त्यांनी तो आधी उरकून घ्यावा.

प्रथम कबुली देऊन टाकतो. मी मांसाहारी आहे, आणि तोही तोंडदेखला नव्हे. आमचे घराणे मूळचे कोल्हापूरकडचे. तिकडे रविवारी ज्या घरातून मसाला भाजल्याचा वास येत नाही, त्या घरी कोणी आजारी आहे की काय अशी शेजारी चौकशी करतात. श्रावण मी पाळतो. पण तो सुटण्याची वाट ज्या आतुरतेने पाहतो, तिच्यामुळे गाठीला पुण्य कितपत उरत असेल याची शंकाच आहे. म्हणून हा लेख कोणाला मांसाहार सोडायला सांगण्यासाठी नाही. तो अधिकार मला नाही, आणि खरे सांगायचे तर तशी इच्छाही नाही. शाकाहारी वाचकांनीही एवढ्यावरून खुशीत येऊ नये. म्हशीचे दूध सकाळी पिशवीतून घरी येते, तेव्हा तिच्या रेडकाचे पुढे काय झाले हे आपणांपैकी कोणीच विचारीत नाही.

सारे सुरू झाले ते आमच्या मुलीच्या सातव्या वाढदिवसापासून. हल्लीच्या रिवाजाप्रमाणे वाढदिवस घरी न होता झटपट खाण्याच्या एका चकचकीत दुकानात झाला. पाच मैत्रिणी, पाच कागदी मुकुट, पाच खोकी. खोक्यांत कोंबडीचे तळलेले गोळे. सगळे सारख्या आकाराचे, सारख्या रंगाचे, जणू एकाच साच्यातून पाडलेले. तिने एक गोळा मोडून आत पाहिले आणि विचारले,

"बाबा, याचं हाड कुठं गेलं?"

"काढून टाकलंय, बाळा."

"कुणी?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर होते; दुसऱ्याला नव्हते. समोरच्या खिडकीतला मुलगा फक्त तळत होता. त्याच्या मागे गोठवलेली पिशवी होती आणि पिशवीच्या मागे काय होते ते त्यालाही ठाऊक नसणार. "कारखान्यात काढतात," असे मी म्हणालो. तिचे समाधान झाले. माझे झाले नाही.

कारण माझ्या लहानपणी 'कुणी' याचे उत्तर नेहमी नावानिशी मिळत असे. वडील मटणाच्या दुकानी मला बरोबर नेत. आधी लटकावलेल्या बोकडावरचा नगरपालिकेचा शिक्का पाहायचा, मग मांडीचे किती, चापाचे किती, कलेजी आहे का, यावर घासाघीस. दुकानदार वडिलांना "मास्तर" म्हणे. त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. आजोळच्या जत्रेत तर याहून सरळ कारभार. बोकड कापायला मुलाणी यायचा. गावगाड्यातले ते त्याचे मानाचे काम. आम्ही पोरे पळू लागलो की आजी पदर खोचून वाट अडवायची. "खायचंय न्हवं? मग तोंड फिरवायचं न्हाई." आम्ही उभे राहायचो. त्या दिवशी रस्सा कमी जात असे असे मात्र नाही. तो आजीचा जाच होता की संस्कार, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

वाढदिवसानंतर पंधरा दिवसांनी वर्गात 'लीळाचरित्र' चालू होते. तेराव्या शतकातला हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ. त्यातली सशाची लीळा पुष्कळांनी शाळेत वाचलेली असेल. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा एक ससा चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली येऊन दडतो. पारधी तो मागतात. स्वामी शरण आलेल्याला देत नाहीत. मी ती दरवर्षी शिकवतो, आणि आत्मस्तुतीचा दोष पत्करून सांगतो, चांगली शिकवतो. वर्ग शांत होता. मागच्या बाकावरून एक हात वर आला. या मुलाचे खरे नाव देत नाही. आपण त्याला दत्ता म्हणू.

"सर, ससा वाचला. पण पारध्याच्या घरी त्या दिवशी काय शिजलं असेल?"

वर्ग हसला. मी पुस्तकी उत्तर दिले की तो पोटासाठी धरलेला ससा नव्हे, पैजेचा ससा होता, असे ग्रंथातच आहे.

"पैज म्हणजे पैसेच ना, सर?"

घंटा झाली. प्राध्यापकाला घंटेसारखा दुसरा मित्र नाही.

या दत्ताचे नाव त्याच आठवड्यात मी उपस्थिती कमी असलेल्यांच्या यादीत लिहिले होते. आमचा तास सकाळी साडेसातचा. सोमवारी तर तो कधी दिसतच नसे. यादी लागली तेव्हा तो मला भेटायला आला. चिकनच्या दुकानात कामाला होता. पहाटे पाचला कोंबड्यांची गाडी येते, माल उतरवून, हॉटेलांच्या ऑर्डरी कापून मोकळे व्हायला आठ वाजतात. "रविवारी तर उसंतच नसते, सर. रात्री दुकान धुऊन झोपायला बारा होतात. सोमवारी डोळाच उघडत नाही."

रविवारी मी काय जेवतो ते वर सांगितलेच आहे. माझ्या ताटाचा आणि माझ्याच हजेरीपटाचा असा काही संबंध असेल हे मला इतकी वर्षे सुचले नव्हते. मुलीने विचारलेले 'कुणी' माझ्यासमोर वही घेऊन उभे होते.

"मी एकदा येऊन पाहू का?" मी विचारले.

"कशाला, सर?" तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "या. पण जुने कपडे घालून या."

गेलो. फार वर्णन करीत नाही. गाडीतले पिंजरे उतरले. कोंबड्या सगळ्या पांढऱ्या, छाती अवजड, पायांवर धड उभे राहता न येणाऱ्या. एवढ्या मोठ्या दिसणाऱ्या त्या कोंबड्या वयाने सुमारे सहा आठवड्यांच्या. आजीच्या परड्यातली कोंबडी या वयाला पिलूच असायची, आईमागे हिंडणारी. दत्ता एकेक काढी, दोन्ही पंख एकमेकांत अडकवून काट्यावर ठेवी, आणि ती तिथे गप्प बसून राही. मग सुरी, मग निळे पिंप. पिंपाला आतून धडका बसत. थोड्या वेळाने त्या थांबत आणि तेवढ्यात पुढची येई. पिंजरा पिंपापासून चार हातांवर. जनावराला दुसऱ्या जनावराच्या देखत मारू नये, असा आपल्याकडे कत्तलखान्यांसाठी २००१ सालचा केंद्र सरकारचा नियम आहे. तो अशा दुकानाला कितपत लागू होतो याचा काथ्याकूट वकिलांनी करावा. पिंजऱ्यातल्या कोंबड्या तिकडे पाहत होत्या, एवढे मी पाहिले.

"दिवसाला किती होतात रे?"

"आधी मोजायचो, सर. आता सोडून दिलं."

परत येताना वाटले, हे भयंकर आहे. पण निदान उघड्यावर आहे. मुलीच्या खोक्यातल्या गोळ्याच्या मागे काय असेल? मला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. मराठीचा माणूस करतो तेच केले, पुस्तके आणली.

गोष्ट शिकागोची निघाली. तिथले प्रचंड जनावरांचे पीठे, युनियन स्टॉक यार्ड्स, १८६५ साली नाताळच्या दिवशी उघडले आणि १९७१ साली बंद झाले. (आपल्याकडे मुंबईचा कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला गेला तोही १९७१ सालीच. त्या दोहोंचा संबंध काही नाही. मला आपला योगायोग वाटला.) शिकागोत जनावर वरच्या आकड्याला लटकून पुढे सरके आणि माणूस जागच्या जागी उभा राहून दिवसभर एकच घाव घाली, कोणी फक्त पाय तोडायचा, कोणी फक्त कातडे सोलायचे. हेन्री फोर्डने १९१३ साली मोटारी जुळवण्याची सरकती साखळी उभारली, तिची कल्पना या कसाईखान्यांतल्या सरकत्या आकड्यांवरून आली असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्या यंत्रयुगाचा आपण एवढा गौरव करतो, त्याने मोटार जोडण्याआधी जनावर मोडून हात बसवला होता. पुढे १९४८ साली कॅलिफोर्नियात मॅकडोनाल्ड बंधूंनी तीच रीत स्वयंपाकघरात आणली. एकाने फक्त भाजायचे, दुसऱ्याने फक्त पाव बांधायचा. त्याच वर्षी अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' शोधण्याची देशव्यापी स्पर्धा झाली. छाती भरदार, मांस अधिक, वाढ जलद. दत्ताच्या काट्यावर बसलेल्या त्या पांढऱ्या कोंबड्या म्हणजे ती उद्याची कोंबडी आज झालेली. हे खाणे आपल्याकडे आले १९९५-९६ च्या सुमारास. मॅकडोनाल्डने १९९६ साली दिल्लीत पहिले दुकान उघडले ते गोमांस वगळून, आणि शाकाहारी पदार्थांचा ओटा वेगळा ठेवून. आपल्या सोवळ्याओवळ्याची जाण त्यांना पुरी होती.

शिकागोच्या त्या कारखान्यांवर अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी १९०६ साली आली. त्याला दाखवायचे होते ते तिथल्या मजुरांचे हाल: परदेशातून आलेली गरीब माणसे, गारठ्यात, रक्तात उभी. वाचकांच्या मनात भरले ते मात्र वेगळेच. आपल्या डब्यात काय काय येते, या कल्पनेने ते हादरले, आणि त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा झाला. मजुरांच्या पदरात त्यातून फारसे काही पडले नाही. आपण लोकांच्या काळजावर नेम धरला आणि बाण लागला पोटाला, अशा अर्थाचे उद्गार सिंक्लेअरने नंतर काढले.

हे वाचून मी पुस्तक मिटले. कारण मीही दत्ताच्या दुकानातून घरी आल्यावर पहिली गोष्ट काय केली होती? स्वच्छतेची चिंता. पिंप धुतात की नाही, पाणी कुठले वापरतात, हात कशाला पुसतात.

साखळीचा वेग मात्र वाढतच गेला आहे. अमेरिकेत २०१४ साली झालेल्या नियमांप्रमाणे कोंबड्यांच्या एका साखळीवरून मिनिटाला १४० पक्षी सरकू शकतात, आणि ते एका सरकारी तपासनिसाच्या डोळ्यांसमोरून जातात. एका पक्ष्याला अर्धा सेकंदही नाही. आपल्या २००१ च्या नियमांत पशुवैद्याने तासाला बारापेक्षा अधिक जनावरे तपासू नयेत असे आहे. कागदावर आपण फार दयाळू आहोत. कागदाबाहेरचे न बोलणे बरे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर अप्रामाणिकपणा होईल. टेंपल ग्रँडिन नावाच्या एक अमेरिकन पशुविज्ञान संशोधक आहेत. स्वतः स्वमग्न, आणि स्वतः मांस खाणाऱ्या. जनावर कुठे बिचकते हे त्यांनी त्याच्या वाटेने चालून पाहिले: लोंबणारी साखळी, पाण्यावरची चमक, एकदम आलेला अंधार. कत्तलखान्याकडे नेणाऱ्या वाटा त्यांनी वळणदार करवल्या. १९९९ साली मॅकडोनाल्डने त्यांच्याकडून कत्तलखान्यांची तपासणी सुरू केली. पहिल्या फटक्यात किती जनावरे बेशुद्ध होतात, किती हंबरतात, हे मोजायचे. मोजमापात बसला नाही त्याचा माल घ्यायचा नाही. एवढे मोठे गिऱ्हाईक जाईल या धाकाने कारखाने सुधारले. भूतदयेच्या व्याख्यानांना जे साधले नव्हते ते खरेदीच्या अटीने साधले. हे मला आवडले नाही, पण खरे आहे.

त्यांच्या तपासणीत हंबरणे मोजतात. दत्ताने मोजणे सोडून दिले आहे. आणि मी तर कधी सुरूच केले नव्हते.

दत्ताचे नाव मी यादीतून काढले. नियमात ते बसत नाही, आणि प्राचार्य हा अंक वाचत नसावेत अशी आशा आहे. साडेसातचा तास त्याने चुकवला तर दुपारी माझ्या खोलीत येऊन वाचायचे, असे ठरले आहे. तो येतो. हातांना साबणाचा उग्र वास येत असतो. खालच्या खालीच ते पुन्हा धुऊन तो पुस्तकाला हात लावतो.

श्रावण सरला, गणपती झाले. भाद्रपदातल्या एका रविवारी मी पिशवी घेऊन निघालो, तर मुलगी चप्पल घालून दारात. "मी पण येणार." आतून "तिला कशाला नेता?" असा आवाज आला. मला आजी आठवली; पण आजीचे धैर्य माझ्यात नाही. नेले खरे, मात्र मनात ठरवले की तिला कोपऱ्यावरच उभी करायची. ती काय उभी राहते!

दुकानापुढे गर्दी होती. दत्ताने आम्हांला पाहिले. मग माझ्या हाताला धरलेल्या तिला पाहिले. हातातली कोंबडी त्याने पुन्हा पिंजऱ्यात सोडली, सुरी ओट्याखाली सारली आणि पिंपाच्या पुढे येऊन, ते झाकले जाईल असा, आडवा उभा राहिला.

"काय देऊ, सर? बोनलेस?"

मी काही बोलेना. ती माझा हात ओढून, मान तिरकी करून, त्याच्या पाठीमागे काय आहे ते पाहू लागली होती.