सही कोण करणार? फॉस्टर केअरमधल्या मुलांचा शाळेतला पेच

अमेरिकेत आई-वडिलांकडे सुरक्षित नसलेल्या मुलाला सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात किंवा संस्थेत ठेवतात. हीच फॉस्टर केअर. असं मूल अभ्यासात मागे पडलं आणि त्याला विशेष शिक्षण लागणार असेल, तर पहिला प्रश्न येतो सहीचा.

१९७५ पासूनचा कायदा, ज्याला आज 'आयडिया' म्हणतात, पालकांच्या संमतीवर उभा आहे. पालक बेपत्ता असतील किंवा त्यांचे हक्क कोर्टाने संपवले असतील, तर पहिली तपासणी संमतीविना होऊ शकते. पण विशेष शिक्षण सुरू करायला कुणाची तरी सही हवीच. राज्याची मनाई नसेल तर फॉस्टर पालक ती करू शकतात. संस्थेतल्या मुलाचं काय? त्याच्यासाठी 'सरोगेट पालक' नेमायचा, आणि ३० दिवसांत नेमण्याचा प्रयत्न करायचा.

गंमत म्हणजे मुलाला सगळ्यात जास्त ओळखणारी सरकारी केसवर्कर हे काम करू शकत नाही. मुलाची देखभाल करणाऱ्या यंत्रणेचा कर्मचारी इथे चालत नाही. हितसंबंध आड येऊ नयेत, हा हेतू. हेतू बरोबरच आहे, पण बाहेरचा माणूस शोधायला वेळ जातो.

तेवढ्यात मुलाचं घर बदललं तर? तपासणीला साधारण ६० दिवसांची मुदत असते, आणि शाळा बदलली की ती लांबू शकते. म्हणूनच २०१५ च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्याने मुलाच्या हिताचं असेल तर जुनीच शाळा ठेवायला सांगितलं. ने-आण कशी करायची, हे शाळा आणि बालकल्याण विभागाने मिळून ठरवायचं. खर्च कुणाचा, यावर घोडं अनेकदा इथेच अडतं.