संकर निसर्गाचाच



‘संकर म्हणजे निसर्गात ढवळाढवळ’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. हिंगोलीच्या काळ्या रानातली अमेरिकी कपाशी मुळात रानसंकराचीच लेक आहे. सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी, शेतीचा मागमूसही नसताना, दोन खंडांतल्या रानकपाशींचा मेळ झाला. म्हणून देशी कपाशीत २६ गुणसूत्रे, तर हिच्यात ५२.

आमच्या वसमतच्या हळदीत गुणसूत्रांचे तीन संच. फुलोरा छान येतो, बी धरत नाही. लावायचे ते बेणेच. तिचाही उगम संकरातला असावा, असे अभ्यासक मानतात.

महागड्या संकरित बियाण्यावरचा राग रास्त आहे. पण दोष संकराला नको. बांधावरचे रानवाण जपूया, उद्याचे वाण त्यांतूनच येतील.

– एक हळद उत्पादक, वसमत (जि. हिंगोली)