जपानमधील सीबीडी उत्पादनांची कायदेशीर स्थिती

कॅनाबिडिऑल (सीबीडी) हा भांगेच्या झाडातील नशा न आणणारा घटक आहे. जपानमध्ये सीबीडीवर बंदी नाही. मात्र उत्पादनाची वैधता त्यातील टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) या नशाकारक घटकाच्या प्रमाणावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

१९४८ च्या गांजा नियंत्रण कायद्यात झाडाचा कोणता भाग वापरला, हा निकष होता. पक्व खोड व बिया यांपासूनची उत्पादने चालत. पाने व फुले निषिद्ध होती. परंतु शुद्ध केलेला अर्क कोणत्या भागाचा, हे तपासणीत ओळखणे अवघड असते. डिसेंबर २०२३ मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीने भागाऐवजी घटक हा निकष आणला आणि गांजाजन्य मान्यताप्राप्त औषधांचा मार्गही खुला केला.

सद्यस्थिती

१२ डिसेंबर २०२४ पासून टीएचसीची मर्यादा तेल व चूर्णात प्रतिकिलो १० मिलिग्रॅम, पेयांत ०.१ मिलिग्रॅम आणि इतर उत्पादनांत १ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडणारे उत्पादन अमली पदार्थ ठरते. ते बाळगल्यास वा सेवन केल्यास ७ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यातील ०.३ टक्के ही मर्यादा प्रतिकिलो ३,००० मिलिग्रॅम इतकी होते. त्यामुळे एका देशात उघडपणे विकत घेतलेली बाटली जपानमध्ये नेणे हा गंभीर गुन्हा ठरू शकतो.