रविवारी दुपारी दोन ते पाच

'नीट'चा निकाल लागला की आमच्या चौसाळ्यात दरवर्षी तेच वाक्य ऐकू येतं : "पोरगी हुशार होती, पण नशिबात नव्हतं." मला या वाक्याचा राग येतो. अशाच एका पोरीला मी विचारलं, "बेटा, घड्याळ लावून पूर्ण तीन तासांचा पेपर किती वेळा सोडवलास?" ती म्हणाली, "एकदाही नाही, चाचा." परीक्षेत शेवटचे 40 प्रश्न तिने वाचलेच नव्हते. यात नशीब कुठे आलं?

नीटला 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण. मिनिटाला एक प्रश्न, त्यातच ओएमआरवरचा गोल काळा करायचा. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. कोणता प्रश्न सोडून द्यायचा, हेही शिकावं लागतं. खाटेवर लोळत मोबाइलवर वीस-वीस प्रश्न सोडवून ते येत नाही. सीईटीचं गणित उलटं : ती संगणकावर होते, उणे गुण नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नसतो. हे परीक्षेच्या दिवशी कळून काय उपयोग?

कोणी म्हणेल, आधी सिलॅबस तर संपू द्या. सिलॅबस संपत नाही, एप्रिल संपतो. कोणी म्हणेल, त्यासाठी लातूरच गाठावं लागतं. लातूरच्या शिकवण्या चांगल्या असतील. पण कर्ज काढून मुलाला तिथे ठेवणारे किती बाप मुलीलाही पाठवतात? जुन्या प्रश्नपत्रिका नेटवर फुकट मिळतात. नीट मराठीत देता येते, उर्दूतही. खर्च फक्त झेरॉक्सचा.

जलशाला मंडप घालायला आपल्याकडे पैसा निघतो, वलीम्याला तर विचारूच नका. मग जमातीने रविवारी एक खोली द्यायला काय हरकत आहे? जोहरची नमाज झाली की मुलं-मुली बसतील, पाचला उठतील. एखादे निवृत्त गुरुजी देखरेख करतील.

मात्र गुण मोजून पेपर फेकून दिला, तर ते तीन तास वाया गेले. चुकांची वही हवी. आलंच नाही, येत असून चुकलं, वेळ पुरला नाही : तिन्ही दुखण्यांचं औषध वेगळं आहे.

तवक्कुलच्या नावाखाली उंट मोकळा सोडू नका. आधी दोरी बांधा, मग दुआ करा.

तर मग, येत्या रविवारी खोलीची किल्ली कोण देतंय?